जायफळाचे वेढे

माझ्या मोठ्या बहिणीचा पुंडू अजून दोन महिन्यांचाही झाला नव्हता, तरी आमच्या घरातली सगळी माणसं त्याच्यावर रागावलेली होती. तो दिवसा झोपायचा आणि रात्री जागायचा, एवढाच त्याचा गुन्हा. सकाळी आईने तेल चोळून, कढत पाण्याने न्हाऊ घालून, वेखंडाची धुरी देऊन झोळीत टाकला की दिवेलागणीपर्यंत त्याचा आवाज नसे. दुधापुरता डोळे किलकिले करी आणि पुन्हा गुडुप. अण्णांनी शिवणाची मशीन बंद करून वरून खोळ चढवली, की पाच मिनिटांत झोळी हलायला लागायची. आधी कुईकुई, मग एक दमदार किंकाळी, आणि मग पहाटेपर्यंत आम्ही चौघं पाळीपाळीने त्याला खांद्यावर घेऊन मागच्या खोलीत येरझाऱ्या घालायचो. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. माझी पाळी शेवटची, दूधवाला यायच्या आधीची.

म्हैसुरात विठ्ठलमंदिराच्या गल्लीत आमचं घर. पुढच्या खोलीत अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिवणकाम आणि मागे आम्ही. अण्णा बायकांचे ब्लाउज शिवायचे. गौरीच्या आधी महिनाभर आणि मग थेट दसऱ्यापर्यंत आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसायची. कापडाचे गठ्ठे, मापाचे जुने ब्लाउज, कोळशाच्या इस्त्रीचा वास, मशीनच्या तेलाचा वास, आणि त्या वर्षी त्यात बाळंतिणीच्या शेगडीचा ओव्याचा धूर. माझी मोठी बहीण, अक्का, पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी आली, त्याच सुमारास आमचा कारागीर हेब्बाळच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून सोडून गेला. अक्का लग्नाआधीपासून अण्णांचा उजवा हात होती. कटोरी ब्लाउजला तिच्यासारखी बाही कुणाला लावता यायची नाही. अण्णांनी तिला मशीनवर बस असं कधी म्हटलं नाही, आणि बसली तेव्हा नको असंही म्हटलं नाही. नऊ महिने भरेपर्यंत ती पायाने मशीन चालवत होती. पोटातलं पोर त्या खडखडीत वाढलं.

सव्वा महिना झाला आणि ती पुन्हा मशीनवर बसली. झोळी तिच्या डाव्या हाताला, छपराच्या वाशाला बांधलेली, आईच्या जुन्या नऊवारीची. ऊन येऊन पोर जागं होऊ नये म्हणून आईने खिडकीला जाड पडदा लावला, वरून अण्णांचं धोतर घातलं. दिवसभर त्या कोपऱ्यात अंधार आणि मशीनची खडखड, आणि पुंडू त्यात सुखाने झोपलेला. रात्री मात्र आम्ही हूक लावायला, काजं करायला मागच्या खोलीत बसायचो तेव्हा डोक्यावर ट्यूबलाइट लखलखीत, सगळे बोलतायत, रेडिओ चालू, त्याला मांडीवर घेऊन कुणी टाळ्या वाजवतंय, कुणी 'बघ बघ' म्हणून रंगीत दोऱ्यांची रिळं नाचवतंय. आज कुठलंही शेंबडं पोर सांगेल की आम्हीच त्या बाळाला दिवसाची रात्र करून दिली होती. पण तेव्हा सगळा दोष बाळाच्या माथी मारला गेला. आई म्हणायची, "अमावास्येचं आहे की, असंच असतं." अण्णा म्हणायचे, "बापावर गेलंय." बाप हुबळीला होता, त्यामुळे त्याला काहीही म्हणता यायचं.

अक्काचे मात्र हाल बघवत नव्हते. ती दिवसा मशीनवर आणि रात्री पुंडूपाशी. आई तिच्या ताटात काय काय वाढायची. सब्बसिगेची भाजी, म्हणजे शेपू, लसूण भरपूर घालून. अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, तुपाने थबथबलेला मऊ भात. अक्का दोन घास खायची आणि घास हातात धरून तशीच झोपायची. आई ओरडायची, "खा गे, दूध कसं यायचं मग?" आणि खरंच तिचं दूध कमी होऊ लागलं. दूध कमी की पोर जास्त रडे, पोर रडे की ती आणखी जागी. एकदा हिशेब करून तिने मला सांगितलं, सलग दोन तास झोपून तिला महिना झाला होता. ती हसतच सांगत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि दोन्हीकडे तिचं लक्ष नव्हतं.

गौरीला आठ दिवस राहिले असतील. दुपारी मी शाळेतून आले, तर अक्का मशीनवर बसलेली आणि मशीन थांबलेली. सुई तिच्या तर्जनीतून आरपार गेली होती. ती ओरडलीही नव्हती. झोळीकडे बघत ती बसून होती, कारण मशीन थांबल्यावर पोर जागं होईल याची तिला धास्ती, आणि उजव्या हाताने चाक उलटं फिरवायला तिच्या अंगात बळ नव्हतं. मी चाक फिरवलं, सुई वर आली. पोपटी रंगाच्या खणावर रक्ताचा मोठा डाग पडला. ते कुणाचं कापड होतं, आता ते कसं भरून द्यायचं, असलं काही ती बोलली नाही. मी बोटाला चिंधी बांधत होते, तेव्हा ती हळूच म्हणाली, "शकू, मला एकदा, एकच दिवस, पोटभर झोपू दे गे. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे." मी अक्काला त्याआधी कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. मला तिची भीती वाटली. ती उठून मागच्या दाराने विहिरीकडे गेली तशी मी तिच्यामागून गेले. ती नुसती तोंड धुवायला गेली होती.

आमच्याकडे बाळाला झोप यावी म्हणून जायफळ देतात. सहाणेवर थोडं दूध घालायचं, त्यावर जायफळ धरून फिरवायचं, जितक्यांदा गोल फिरेल तितके वेढे. हे माप आईचं, तिच्या आईचं, आणि त्यामागच्या सगळ्या बायकांचं. लहान बाळाला संध्याकाळी एक वेढा, फार तर दीड. वेढा मोजताना बोलायचं नाही, कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, नाहीतर मोजणी चुकते. इतकी ती गोष्ट जपून करायची असते हे आम्हाला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. आई रोज चार वाजता एक वेढा उगाळायची, चांदीच्या बोंडल्याने पुंडूच्या तोंडात घालायची, आणि मग हरिपाठाला देवळात जायची. त्या एका वेढ्याने पुंडूचं काहीही वाकडं होत नव्हतं.

सुई लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. आई देवळात गेलेली. अण्णा पुढे कुणा बाईला बाही किती लांब हवी ते समजावत होते. अक्का अंगणात बाळाची लंगोटं वाळत घालायला गेली. मी स्वयंपाकघरात गेले, फडताळातून सहाण काढली. सहाण ओली होती. मला वाटलं, आईने धुऊन ठेवली असेल. खरं तर आईने चारला वापरलेली सहाण सहा वाजता ओली राहील कशी, एवढं कळायला चौदा वर्षं पुरेशी असतात. मला कळून घ्यायचं नव्हतं. मी दूध घातलं, जायफळ धरलं आणि फिरवलं. एक, दोन, तीन. तिसऱ्याला थांबले होते. मग मला येरझाऱ्यांची आठवण झाली, पहाटेची गार शहाबादी फरशी तळपायाला आठवली, सोमवारी गणिताचा पेपर होता तो आठवला, आणि मी पुढे मोजत गेले. सात वेढे दिले. सातवर का थांबले, तर अण्णांनी "शकू" म्हणून हाक मारली.

हे मी अक्कासाठी केलं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की मला त्या पोराचा संताप आला होता. बोंडलं त्याच्या ओठांना लावलं तेव्हा तो माझ्याकडे बघून हसला. दोन महिन्यांची बाळं नुकतीच हसायला शिकलेली असतात, कुणाकडेही बघून हसतात. मी त्याला म्हटलं, "झोप आता सुम्ने, गुपचूप." आणि बोंडलं विसळून जागेवर ठेवलं.

त्या रात्री पुंडू उठला नाही. मशीन बंद झाली, खोळ चढली, आम्ही श्वास धरून बसलो, आणि झोळी हललीच नाही. आईने हात जोडून देवळाच्या दिशेने नमस्कार केला. अण्णा म्हणाले, "आला एकदाचा वळणावर." अक्का पाटावरून उठली ती सरळ अंथरुणावर पडली, लुगडंही बदललं नाही. घरात दोन महिन्यांत पहिल्यांदा दिवे लवकर मालवले गेले. मी पांघरुणात शिरून मनातल्या मनात माझं कौतुक करत होते. इतकी गाढ झोप मला आयुष्यात नंतर क्वचितच लागली असेल. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

सकाळी मला अक्काच्या आवाजाने जाग आली. ती झोळीत वाकली होती. तिचा पुढचा सगळा ब्लाउज दुधाने भिजलेला. ती नुसतं "पुंडू, पुंडू" म्हणत होती, रोजच्याच आवाजात, आणि मग तो आवाज वाढत गेला. तिने त्याला बाहेर काढलं तर मान सैल, हातपाय सैल, ओठ कोरडे. आईने तोंडावर पाणी मारलं, तळपाय चोळले, कांदा हुंगवला. अण्णा पायांत चप्पल न घालता रिक्षा आणायला धावले. मी कोपऱ्यात उभी होते. मला एवढंच कळत होतं की श्वास चालू आहे, कारण त्याच्या नाकपुडीपाशी अक्काने बोट धरलं होतं आणि ती ते काढायला तयार नव्हती. रिक्षातही तिने ते बोट तिथेच धरलं होतं, चिंधी बांधलेलं, सुई लागलेलं बोट.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई कानडी, वयस्क, कडक. त्यांनी पुंडूच्या तळपायावर टिचकी मारली, पापण्या उघडून बॅटरी दाखवली, छाती ऐकली आणि आमच्याकडे वळून विचारलं, "एनु कोट्टिद्दीरा?" काय दिलंय याला, खरं सांगा. आई म्हणाली, "दूध. दुसरं एनू इल्ला." मी दाराला टेकले होते. माझ्या तोंडात शब्द आला होता. तेवढ्यात अक्का म्हणाली, "जायफळ. मी दिलं. पाच वाजता. आईने दिलंय हे ठाऊक असून दिलं. चार वेढे." डॉक्टरीणबाईंना वेढे कळेनात, तेव्हा अक्काने तेच बोट हवेत चार वेळा गोल फिरवून दाखवलं.

ओली सहाण माझ्या डोळ्यांपुढे आली.

बाईंनी पुन्हा पुंडूच्या पापण्या उघडून बघितल्या. मग त्यांनी कानडीतच, पण मघापेक्षा हळू आवाजात विचारलं, "चारच का? नीट आठव बघू. याची अवस्था जास्तीची दिसते." अक्का आठवू लागली. मी तिचा चेहरा अजून बघते आहे. ती आठवत गेली, गोंधळत गेली, आणि शेवटी म्हणाली, "झोपेत होते मी. मोजायला चुकले असेन. जास्त झालं असेल." आईने तिच्या पाठीत धपाटा घातला. अण्णा बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी तिथेच होते, चार पावलांवर. सात हा आकडा केवढासा. जिभेवरून खाली यायला त्याला एक क्षण पुरला असता. माझ्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच.

पुंडूला नळी घातली, सलाइन लावलं, आणि आम्ही बाकावर बसून राहिलो. दुपारी तीनच्या सुमाराला आतून त्याचं रडणं ऐकू आलं. ज्या रडण्याला आम्ही महिनाभर शिव्या दिल्या ते ऐकून आई जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडली. दोन दिवसांनी घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून झापलं. दिवस आणि रात्र बाळ पोटातून शिकून येत नाही, त्या म्हणाल्या. त्याच्या अंगातलं घड्याळ दोन-तीन महिन्यांनी चालू लागतं, तोवर ते भुकेच्या हिशेबाने झोपतं आणि उठतं. तुम्ही काय करायचं, तर सकाळी त्याला उजेडात आणायचं, दिवसा घरात माणसं बोलतात तसं बोलू द्यायचं, रात्री दिवा बारीक, आवाज बारीक, दूध पाजायचं आणि ठेवून द्यायचं. आणखी दोन-चार आठवड्यांत पोर आपलं आपण वळणावर आलं असतं. "थोडी कळ काढायची होती," त्या म्हणाल्या. आई परत येताना रिक्षात एवढंच म्हणाली, "हे आधी सांगणारं कुणी भेटलं नाही की."

पडदा निघाला, धोतर निघालं. सकाळी आठच्या उन्हात पुंडूला मापाच्या ब्लाउजांच्या गाठोड्यावर निजवायचो, तो डोळे मिचकावत पाय झाडायचा. दसऱ्याचे हत्ती तालमीला रस्त्यावरून जाऊ लागले, त्या दिवसांत तो रात्री सलग पाच तास झोपू लागला. पोर वळणावर आलं. अक्का मात्र वळणावरून गेली ती परत आली नाही. तिने पुंडूला औषधाचा एक थेंबही पुन्हा स्वतःच्या हाताने दिला नाही. डाळीला मीठ घातलं की आईला चाखायला लावायची. मापं दोनदा घ्यायची, मग तिसऱ्यांदा मला घ्यायला लावायची. ज्या बाईला नुसत्या नजरेने छाती-कंबर कळत होती ती. आणि रात्री तासातासाला उठून पोराच्या नाकापाशी बोट धरायची. पुंडू सहा वर्षांचा झाला तरी, दहाचा झाला तरी. त्याच्या लग्नानंतर तो दुसऱ्या खोलीत गेला तेव्हा ती बंद दाराबाहेर उभी राहून ऐकायची, असं सुनेने मला सांगितलं. लोक हसायचे. मीही हसायचे, कारण हसणाऱ्यांत नसते तर कुणी माझ्याकडे बघितलं असतं.

तुम्ही विचाराल, इतक्या वर्षांत सांगायला काय झालं होतं. मी रोज सांगणार होते. आधी मार खायची भीती, मग माझं लग्न ठरत होतं, मग तिचा नवरा गेला, मग इतकं जुनं कशाला उकरायचं. कारणं गौरीतल्या ब्लाउजांसारखी एकावर एक येत गेली. आता मी सहासष्टची आहे, कुवेंपुनगरात राहते. अक्का पुंडूच्या मुलीकडे, मेघाकडे, बोगादीच्या फ्लॅटमध्ये असते. मेघाला बाळ झालं. सहा आठवड्यांची मुलगी, आणि दिवसा झोपते, रात्री जागते. मेघा फोनमध्ये तिची प्रत्येक डुलकी लिहून ठेवते आणि रडते. परवा मी गेले तर तिच्या पुण्याच्या सासूबाईंचा फोन नुकताच येऊन गेला होता. मेघा तारवटलेल्या डोळ्यांनी म्हणाली, "आजी, सासूबाई म्हणतायत, थोडं जायफळ उगाळून द्या. देऊया का स्वल्प? किती द्यायचं असतं?" अक्का उठून आतल्या खोलीत गेली. मी मेघाला म्हटलं, काही द्यायचं नाही, तू पडदे उघड, तिला गॅलरीत घेऊन बस, आणि पंधरा दिवस कळ काढ. मग मी अक्काच्या मागे गेले.

ती पलंगाच्या काठावर बसली होती. मी दार लोटलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं. पुंडूला मी पण दिलं होतं. तू दिल्यानंतर, सहा वाजता. तू लंगोटं वाळत घालत होतीस.

ती म्हणाली, "किती?"

"सात."

तिने मांडीवरचं बोट उचललं. पांढरा व्रण अजून आहे त्यावर. ते चादरीवर गोल फिरवलं, चार वेळा, थांबली, मग सात वेळा. "म्हणजे मी मोजायला चुकले नव्हते," ती म्हणाली.

"नाही अक्का. तू चारच दिले होतेस."

"मग मला एवढी वर्षं जागं का ठेवलंस गे?"

तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरोखरच विचारत होती. मी क्षमा माग म्हणून मनाला सांगत होते, पण ते जमलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. बाहेर मेघा बाळाशी काहीतरी बोलत होती, पडदे सरकल्याचा आवाज आला, खोलीत उजेड आला. थोड्या वेळाने अक्काचा श्वास लांब झाला. ती दुपारी कधी झोपत नाही. मेघा दोनदा दारातून डोकावून गेली. साडेचार वाजले, पाच वाजले. मी खुर्ची पलंगाला लावून बसले होते. अक्का इतकी निश्चल पडली होती, की मी दोनदा वाकून तिच्या नाकापाशी बोट धरून बघितलं.